रानातले चरणारे प्राणी : चारा बदलला की पोटातले जीवाणू किती बदलतात?

माळरान
नमस्कार मंडळी. सोलापूर-नगरकडच्या माळावर उन्हाळ्यात काळविटांना धान्य टाकावं का, यावर मध्यंतरी इथं बोलणं झालं. तेव्हा मी म्हटलं होतं की आधी त्यांच्या पोटात कोण राहतं ते समजून घेऊ. त्यासाठी हा वेगळा धागा.

गवतातला सेल्युलोज तोडणारं विकर कुठल्याच सस्तन प्राण्याचं शरीर स्वतः तयार करत नाही. गाय, काळवीट, गवा, झेब्रा, हत्ती, सगळे त्यासाठी पोटातल्या सूक्ष्मजीवांवर अवलंबून. जनावर गवत तोडतं, चावतं, गिळतं. पुढचं काम जीवाणू, आदिजीव (एकपेशीय प्राणी), बुरशी आणि आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) करतात. त्यांनी गवत आंबवून जी मेदाम्लं सोडली त्यांवर जनावर जगतं. रवंथ करणाऱ्या प्राण्याला लागणाऱ्या ऊर्जेचा दोन तृतीयांशाहून जास्त वाटा या आम्लांतून येतो.

मग खाणं बदललं की ही वस्ती बदलते का? आणि किती? पिंजऱ्यातल्या किंवा गोठ्यातल्या जनावरांवर यासंबंधी पुष्कळ काम झालंय. मोकळ्या रानात, एकाच भूभागात शेजारी शेजारी चरणाऱ्या अनेक जातींवर फार थोडं झालंय. त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम केनियातल्या लायकिपियाच्या पठारावरचं आहे. तिथल्या म्पाला संशोधन केंद्राच्या परिसरात टायलर कार्टझिनेल, रॉबर्ट प्रिंगल आणि सहकाऱ्यांनी 33 जातींच्या मोठ्या शाकाहारी प्राण्यांची विष्ठा गोळा केली. 27 जाती रानटी, 6 पाळीव. प्रत्येक नमुन्यातून दोन गोष्टी वाचल्या: कोणत्या वनस्पती खाल्ल्या, आणि कोणते जीवाणू आहेत. तेही वेगवेगळ्या ऋतूंत. निबंध 2019 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला.

त्यात काय दिसलं? प्राण्यांचं आपसातलं नातं जितकं जवळचं तितकी त्यांच्या पोटातली वस्ती सारखी. हा सहसंबंध 0.91 (1 म्हणजे पूर्ण जुळणी), म्हणजे फारच घट्ट. नातं आणि आहार यांच्यातला सहसंबंध मात्र जेमतेम 0.20. झेब्रा आणि आफ्रिकी रानम्हैस दोघंही गवतावर जगतात, पण रानम्हशीच्या पोटातले जीवाणू झेब्र्यापेक्षा पाला ओरबाडणाऱ्या कुडू या हरणाच्या जवळचे. रानम्हैस आणि कुडू एकाच कुळातले, रवंथ करणारे. झेब्रा घोड्याच्या कुळातला.

एवढं वाचून ‘म्हणजे आहाराला महत्त्व नाही’ असं म्हणणारे मी पाहिलेत. ते मला अजिबात पटत नाही. त्याच निबंधात हेही आहे की बहुतेक जातींमध्ये, एकाच जातीच्या जनावरांची आपसात तुलना केली तरी, आहारात काय काय आहे त्याचा आणि जीवाणूंचा संबंध दिसतो. आहारात किती विविधता आहे याचा जीवाणूंच्या विविधतेशी मात्र संबंध सापडला नाही. अपवाद एकट्या कुडूचा. आणि ऋतूंनुसार जीवाणूंमध्ये जो फरक पडतो, त्यातला सुमारे 25 टक्के भाग ऋतूंनुसार बदललेल्या आहाराने समजावता येतो.

मी याचा अर्थ असा लावतो: पोटात कोणत्या जमाती असणार हे बहुतांशी वंशावर ठरतं, त्यातली कोणती वाढणार आणि कोणती रोडावणार हे चाऱ्यावर. रानातल्या जनावराचं भलं-बुरं या दुसऱ्या गोष्टीत अडकलेलं आहे, म्हणून ती माझ्या मते जास्त तातडीची.

चारापाणी
धागा आवडला. एक शंका. विष्ठेतून खाल्लेलं गवत नेमकं कसं ओळखतात? आम्ही लेंड्या फोडून बघतो तेव्हा नुसता भुगा दिसतो.

माळरान
@चारापाणी, पूर्वी तो भुगाच सूक्ष्मदर्शकाखाली बघत. पानाच्या सालीवरच्या पेशींची ठेवण पाहून वनस्पती ओळखायची. किचकट काम, आणि गवतांच्या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढणं फार अवघड. आता पचनातून वाचलेले वनस्पतींच्या डीएनएचे तुकडे वाचतात. हरितलवकातल्या डीएनएचा एक अगदी छोटा भाग असा आहे की तो पचनातही टिकतो आणि वनस्पतीनुसार वेगळा असतो. त्या भागातल्या वनस्पतींचा डीएनए-संग्रह आधी तयार असला की जुळवून बघता येतं. जीवाणूंसाठी त्यांचं 16एस जनुक वाचतात; ते सगळ्या जीवाणूंत असतं, पण जातीनुसार थोडं वेगळं. लेंडी ताजी हवी, हे मात्र पक्कं.

नैरोबीकर
मी नैरोबीत राहतो, लायकिपियाकडे अधूनमधून जाणं होतं. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. भाग निमकोरडा, विषुववृत्ताला लागून, बाभळीच्या जातीची काटेरी झाडं आणि मध्ये गवत. केनिया पर्वत तिथून दिसतो. इथं रानटी जनावरं आणि गुराख्यांची गुरं एकाच जमिनीवर चरतात. गायींचा कळप पुढे गेला की मागून झेब्रे येतात, हे नेहमीचं दृश्य. म्हणून 33 जातींत 6 पाळीव असणं मला फार योग्य वाटलं. पाळीव वगळून तिथलं चित्र पूर्णच होत नाही.

याच मंडळींचं 2015 सालचं काम वाचलं नसेल तर जरूर वाचा. त्यात सातच प्राणी होते: हत्ती, रानम्हैस, इम्पाला आणि डिकडिक ही हरणं, साधा झेब्रा, ग्रेव्ही झेब्रा आणि गाय. आपण पुस्तकात ‘गवत खाणारे’ आणि ‘पाला खाणारे’ एवढे दोन कप्पे करून मोकळे होतो. डीएनएतून दिसलं की दोन्ही झेब्रे गवतच खात असले तरी वनस्पतींची निवड सारखी नाही. शेजारी उभे राहून चरणारे दोन झेब्रे! जगातले बहुतेक ग्रेव्ही झेब्रे केनियातच उरलेत, त्यामुळे त्यांना नेमकं कोणतं गवत लागतं हे कळणं किती गरजेचं आहे ते वेगळं सांगायला नको.

गोठ्यातला डॉक्टर
पशुवैद्यक आहे, गुरं-शेळ्या-मेंढ्यांत आयुष्य गेलं. रानटी जनावरांचा अनुभव मर्यादित, पण पोटाची रचना तीच, म्हणून लिहितो.

आधी एक भेद. गाय, शेळी, काळवीट, चितळ, गवा यांचं आंबवण्याचं काम पुढे, कोठीपोटात (पोटाच्या चार कप्प्यांतल्या सर्वांत मोठ्या कप्प्यात) होतं. तिथं वाढलेले जीवाणू पुढे चौथ्या, म्हणजे खऱ्या पोटात आणि आतड्यात पचतात. त्यामुळे हलक्या चाऱ्यातूनसुद्धा जीवाणूंच्या रूपाने चांगलं प्रथिन मिळतं. घोडा, झेब्रा, हत्ती, गेंडा यांचं आंबवणं मागे, मोठ्या आतड्यात. तिथं तयार झालेलं जीवाणूंचं प्रथिन बरंचसं लिदेतून निघून जातं. त्याबदल्यात त्यांचा चारा पोटातून लवकर पुढे सरकतो, म्हणून ते जाडंभरडं, काडीचं गवत भरपूर खाऊन निभावतात. सेरेंगेटीत आधी झेब्रे उंच गवत खाली आणतात, मग विल्डबीस्ट येतात, मग छोटी गॅझेल हरणं कोवळं फुटलेलं टिपतात, असा क्रम वर्णिलेला आहे. त्याच्या मुळाशी पोटांमधला हा फरक आहे.

आता चाराबदल. कोठीपोटात तंतुमय गवत फोडणारे जीवाणू, फायब्रोबॅक्टर, रुमिनोकॉकस वगैरे, सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 6 ते 7 च्या दरम्यान असला की नीट काम करतात. रवंथ करताना लाळ येते, लाळेतला सोडा आम्ल मारतो, सामू टिकतो. अशा पोटात अचानक धान्य पडलं की पिष्ट झपाट्याने आंबतं. स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिससारखे जीवाणू बेसुमार वाढतात, लॅक्टिक आम्ल साचतं, सामू 5.5 च्या खाली जातो आणि गवत फोडणारे मरतात. शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं, जनावर कोरडं पडतं, रक्त आम्लधर्मी होतं. लग्नाच्या मांडवामागे भात-पोळ्यांच्या ढिगात तोंड घातलेली म्हैस दुसऱ्या दिवशी आडवी पडलेली मी पाहिली आहे, ती याच कारणाने.

अमेरिकेत कडक थंडीत लोक दयेपोटी हरणांना मका घालतात आणि पोट मक्याने भरलेली हरणं मरून पडतात, हे तिथल्या वन्यजीव खात्यांनी वारंवार नोंदवलंय. थंडीत ती हरणं डहाळ्या आणि सालीवर असतात. त्यांच्या पोटातली वस्ती डहाळ्यांची. मका फोडून त्याचं आम्ल झेलणारी वस्ती तिथं तयार नसते. गोठ्यात आम्ही खुराक वाढवतो तोसुद्धा दोन ते तीन आठवड्यांत, थोडा थोडा. रानातल्या जनावराला तेवढा वेळ कोण देणार?

धनगरवाडा
डॉक्टरसाहेब, तुम्ही लिहिलंत ते आमच्या घरात रोजचं. पहिल्या पावसानं माळ हिरवा झाला की मेंढरं त्यावर तुटून पडतात आणि पातळ हगायला लागतात. आमचे आबा त्या दिवसांत सकाळी आधी वाळला चारा टाकायचे, मगच कळप सोडायचे, तोही थोडा वेळ. जीवाणू हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता पण पोटाला सवय लागेपर्यंत धीर धरायचा हे पक्कं ठाऊक होतं.

माझा प्रश्न @माळरान दादांना. केनियातल्या त्या कामात पाळीव जनावरं आणि रानटी यांत काही फरक दिसला का?

माळरान
@धनगरवाडा, दिसला. ऋतू बदलला की आहार आणि जीवाणू दोन्ही मिळून जी उलथापालथ होते, ती पाळीव जातींमध्ये रानटी जातींपेक्षा जास्त असण्याकडे कल होता. विशेष म्हणजे कोणत्या जातीत उलथापालथ जास्त आणि कोणत्या जातीत कमी, हे शरीराचा आकार, पचनाची पद्धत, गवत की पाला, यांपैकी कशावरूनही सरळ सांगता आलं नाही.

माझा अंदाज असा की रानटी जनावर स्वतः ठिकाण बदलतं, निवडून खातं आणि आपला आहार शक्य तितका एका पट्ट्यात ठेवतं. गुरं गुराखी नेईल तिथं आणि कुंपण असेल तिथपर्यंतच जातात. हा अंदाज माझा आहे, निबंधाचा नाही. पण मग प्रश्न पडतो की आपल्या काळविटांभोवतीही शेतं, रस्ते, कालवे आणि कुंपणं वाढली, त्यांची निवड अशीच कमी झाली, तर?

आकडेमोड
धागा उत्तम, पण काही सावधगिरी नोंदवतो.

पहिली गोष्ट, 0.91 हा दोन ‘अंतरांमधला’ सहसंबंध आहे: वंशातलं अंतर आणि जीवाणूंमधलं अंतर. कुठल्या एका जनावराच्या तब्येतीबद्दल तो काही सांगत नाही. दुसरी, 25 टक्के म्हणजे उरलेले 75 टक्के दुसऱ्या कशामुळे तरी. पाणी, उष्णता, जंत, वय, कळपातली जवळीक, सगळं त्यात येऊ शकतं. तिसरी, विष्ठेत एखाद्या वनस्पतीचा डीएनए 40 टक्के सापडला म्हणून तिने 40 टक्के पोट भरलं असं होत नाही. काही वनस्पतींचा डीएनए जास्त टिकतो, काहींचा कमी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट: रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या लेंडीत जे जीवाणू दिसतात ते मुख्यतः मागच्या आतड्यातले. कोठीपोटातली वस्ती वेगळी असते. डॉक्टर जे कोठीपोटाबद्दल सांगताहेत ते लायकिपियाच्या विष्ठेवरून थेट सिद्ध होत नाही. दोन्ही खरं आहे, पण एकाचा पुरावा दुसऱ्याला लावू नये.

माळरान
@आकडेमोड, मान्य, आणि ही शेवटची गोष्ट वारंवार सांगायला हवी. रानातल्या जनावराच्या कोठीपोटातला रस मिळवायचा तर बहुधा ते मारावं लागतं किंवा मेलेलं लागतं. म्हणून विष्ठेवर काम होतं. 33 जातींचा अभ्यास एकाही जनावराला हात न लावता झाला याचं मोल मला फार वाटतं.

उत्तररेषा
कोठीपोटाचाच थेट पुरावा हवा असेल तर उत्तरेकडचा आहे. मी नॉर्वेत राहते. इथल्या स्वालबार्ड बेटांवरच्या रेनडिअरवर कॉलिन ऑर्पिन, स्वाइन मॅथिसेन आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम 1985 साली प्रसिद्ध झालं. (हेच ते ऑर्पिन, ज्यांनी 1975 साली मेंढीच्या कोठीपोटात प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी असते हे दाखवलं. तोवर ते चिमुकले पोहणारे बीजाणू आदिजीवच समजले जात.) उन्हाळ्यात तिथं रसरशीत हिरवं खाणं, हिवाळ्यात बर्फ उकरून मिळेल ते वाळकं. हिवाळ्यात कोठीपोटातल्या जीवाणूंची संख्या खूपच घटते, पण जे उरतात त्यांत सेल्युलोज फोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. पोट उपाशी असतानाही वस्ती वाळक्या गवताच्या बाजूने झुकते. मला हे वाचून फार थरारून गेल्यासारखं झालं होतं.

नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचे रेनडिअर दगडफूल खातात. त्यात अस्निक आम्ल असतं, बऱ्याच प्राण्यांना ते विषारी. या रेनडिअरच्या कोठीपोटात त्या आम्लाला न जुमानणारा एक जीवाणू सापडला, 2008 साली त्याचं नावही रेनडिअरवरून ठेवलं गेलं.

गोठ्यातला डॉक्टर
@उत्तररेषा ताई, विषाचा विषय काढलात तर सुबाभूळ सांगितलीच पाहिजे. रानटी जनावराची नाही ही गोष्ट, पण आपल्याकडे गावोगाव सुबाभूळ लावली गेली, त्यामुळे जवळची आहे.

सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन असतं. कोठीपोटात त्यापासून डीएचपी नावाचं द्रव्य बनतं आणि त्याने गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते. मिमोसिनने केस गळतात. ऑस्ट्रेलियात गुरं सुबाभळीने आजारी पडत, पण हवाईतल्या शेळ्या तीच खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने ओळखलं की फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या वस्तीत आहे. 1980 च्या दशकात हवाईच्या शेळ्यांमधले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या कोठीपोटात सोडले आणि त्यांनाही सुबाभूळ मानवू लागली. त्या जीवाणूला 1992 साली सिनर्जिस्टिस जोन्सिआय असं नाव मिळालं.

म्हणजे चारा तोच, जनावर तेच, तरी एका ठिकाणी अन्न आणि दुसऱ्या ठिकाणी विष. उलटही घडतं. कोवळ्या, पाण्याच्या ताणातल्या ज्वारीची विषबाधा रवंथ करणाऱ्यांना जास्त होते, कारण कोठीपोटातलेच जीवाणू त्यातलं सायनाइड झपाट्याने मोकळं करतात.

गवतफुला
वाचतेय, फार छान चाललंय. गेंड्याचं उदाहरण इथं बसतं म्हणून भर घालते. आफ्रिकेतला पांढरा गेंडा हा अस्सल गवत चरणारा. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या माद्यांना पिल्लं होण्यात अडचण यायची. सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातल्या शास्त्रज्ञांनी लक्ष वळवलं खुराकाकडे: लसूणघास आणि सोया. यांत स्त्री-संप्रेरकासारखी वागणारी वनस्पतिजन्य द्रव्यं असतात. त्यांनी 2012 साली दाखवलं की पांढऱ्या गेंड्याच्या संप्रेरक-ग्राहकांना (पेशीत संप्रेरक जिथं बसतं त्या जागांना) ही द्रव्यं आपल्या एकशिंगी गेंड्याच्या तुलनेत जास्त जोराने चेतवतात. अशा द्रव्यांचं पुढे काय होतं, ती निरुपद्रवी होतात की अधिक तीव्र, हे आतड्यातले जीवाणू बऱ्याच अंशी ठरवतात. सोयातल्या एका द्रव्यापासून इक्वॉल नावाचं जास्त जोरकस द्रव्य बनवणारे जीवाणू माहीत आहेत. पौष्टिक म्हणून घातलेला हिरवा चारा पुढच्या पिढीच्या आड येऊ शकतो, हे कळल्यापासून मी ‘चांगला चारा’ हे शब्द सरसकट वापरणं सोडलं.

चारापाणी
इथवर सगळं वाचलं. आता मनातलं स्पष्ट लिहितो. आमचा गट उन्हाळ्यात काळविटांसाठी पाणवठे भरतो. मागे काही जणांनी मका आणि ज्वारीही टाकली. जनावर डोळ्यांसमोर खंगताना दिसतं, बरगड्या मोजता येतात. अशा वेळी जीवाणूंचा विचार करत हात बांधून बसायचं का? आणि तीच काळविटं रात्री ज्वारीच्या शेतात शिरतात, तेव्हा त्यांना काही होत नाही ते कसं?

गोठ्यातला डॉक्टर
@चारापाणी, तुमची तळमळ खरी आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

शेतात शिरलेलं काळवीट मुख्यतः पानं आणि कोवळे शेंडे खातं, चालत-चालत, अधूनमधून कणीस. सोबत तंतू भरपूर जातो, रवंथ होते, लाळ येते. पीक आठवडे उभं असतं, पोटाला सवय होते. तुम्ही टाकलेला ढीग म्हणजे नुसतं पिष्ट, एका जागी, एका बैठकीत. त्यातही दांडगा नर आधी पोट भरून घेतो. तीस-चाळीस किलोच्या जनावराला बेसुमार धान्य किती लवकर होतं याचा विचार करा. आणि खंगलेल्या जनावराला धोका जास्त, कारण उपासाने त्याची वस्ती आधीच रोडावलेली असते. उत्तररेषा ताईंनी लिहिलेला हिवाळ्यातला रेनडिअर आठवा.

धान्य, भाकरी, पाव, भाजीमंडईतला उरलेला माल, काहीही टाकू नका. पाणी जरूर भरा, पण पाणवठे एकापेक्षा जास्त ठेवा, म्हणजे सगळा कळप एका जागी दाटत नाही. जंत आणि साथी तिथूनच पसरतात, कुत्रीही तिथंच टपून बसतात. चारा द्यायचीच वेळ आली तर त्याच माळावरचं वाळलेलं गवत, विखरून. तेही वनखात्याला विचारल्याशिवाय नाही. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पहिल्या अनुसूचीत आहे.

माळरान
डॉक्टरांशी पूर्ण सहमत. माझं म्हणणं त्याच्याही एक पाऊल आधीचं आहे. उन्हाळ्यात काळवीट खंगतं कारण त्याला लागणारं वाळलेलं गवत माळावर उरत नाही. हिवाळ्यानंतर माळ पेटवला जातो, किंवा पडीक म्हणून नांगरला जातो, किंवा त्यावर झाडं लावली जातात. नान्नज आणि रेहेकुरीच्या अभयारण्यांबाहेर हे सतत चाललंय. काळविटाच्या पोटातल्या वस्तीला ज्या गवताची सवय आहे ते उभं राहिलं, तर आपल्याला काही टाकावंच लागणार नाही. वणवा थांबवण्यासाठी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढायला चार माणसं दिलीत तर त्याचा उपयोग पोतंभर मक्यापेक्षा कितीतरी जास्त होईल.

धनगरवाडा
जाळरेषेच्या कामाला आमच्या वाडीतली पोरं येतील. माळ पेटला की आमचीही मेंढरं उपाशी राहतात. फक्त आम्हाला बाहेरचे समजून हाकलू नका, एवढं सांगून ठेवतो.

चारापाणी
पटलं. धान्य बंद करण्याचं गटात मांडतो, वनपालांशीही बोलतो. @धनगरवाडा, तुम्ही सोबत असाल तर फार बरं होईल, निरोप पाठवतो. एकच विचारायचं राहिलं. दिवाळीनंतर थोडं गवत कापून ठेवावं म्हटलं तर कोणतं?

धनगरवाडा
पवना आणि मारवेल मिळाला तर तोच घ्या, जनावर आवडीनं खातं. कुसळी गवत दिवाळीनंतर कापू नका. ते कुसळं धरायच्या आत कापावं लागतं, नाहीतर जनावराच्या तोंडात आणि डोळ्यांत रुततं. पवन्यालाही उशीर करू नका, बी झडून काडी राहिली की त्यात राम राहत नाही.